लेकीच्या पॅरिसमध्ये पाच दिवस

मुलगी फ्रान्सला शिकायला चालली आहे हे मोहल्ल्यात कळलं, तेव्हा ती काय शिकणार हे फार थोड्यांनी विचारलं. "तिथे खाणार काय?" हे मात्र सगळ्यांनीच विचारलं. घरच्यांना दुसरीही काळजी होती. मुलगी डोक्यावर स्कार्फ बांधते, आणि फ्रान्सबद्दल आपल्याकडे जे छापून येतं ते बहुतेक स्कार्फबंदीचंच. शेवटी गणपतीच्या सुट्टीला अर्जित रजा जोडली आणि आम्ही दोघं तिला पोहोचवायला निघालो. २०२५च्या सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. दोघंही शिक्षक असल्यामुळे खर्चाची वही सोबत होतीच. तिच्यातले काही आकडे इथे देतो, कोणाच्या तरी मुलाबाळांना उपयोगी पडतील.

बॅग भरतानाच एक गोष्ट कळली. बाहेरच्या देशांतून युरोपात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. म्हणजे खालाजानने परतून दिलेला खिमा, साजूक तूप, पेढे सगळं घरीच राहिलं. तांदळाचं पीठ, गरम मसाला आणि सुका जवळा मात्र गेला.

विमानतळावरून शहरात जायला लोकल गाडी आहे, २०२५ मध्ये तिकीट माणशी १३ युरो होतं. मुलीची खोली शहराच्या दक्षिण टोकाला, विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत. पहिल्या महायुद्धानंतर, १९२५ मध्ये, देशोदेशींची तरुण मुलं एकत्र राहिली तर पुन्हा लढाया होणार नाहीत या आशेने ही वसाहत सुरू झाली. आशा फळली नाही, पण वसाहत टिकली. बागेत विखुरलेली चाळीसेक वसतिगृहं, त्यांतलं एक भारताचं, १९६८ मध्ये सुरू झालेलं. प्रत्येक देशाच्या इमारतीत दुसऱ्या देशांचीही मुलं मुद्दाम ठेवतात. त्यामुळे मुलीच्या शेजारच्या खोलीत कासाब्लांकाची एक मुलगी निघाली आणि पुढचे चार दिवस आमच्याही वाट्याला तीच वाटाड्या आली. तिच्यासोबत दोघी मैत्रिणी: एक ल्योंची, जिचे आजोबा अल्जीरियातून आले, आणि एक ब्रिटनी प्रांतातली ख्रिश्चन फ्रेंच मुलगी. तिघींनाही आम्ही दोघं पहिल्याच दिवशी 'अम्मी' आणि 'अब्बा' झालो.

त्यांनी शिकवलेला पहिला धडा असा: दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचं, मग काय हवं ते. 'बाँजूर' न म्हणता ब्रेड मागणाऱ्याला फ्रेंच माणूस उद्धट समजतो, मग त्याने कितीही गोड आवाजात मागितलं तरी. आपल्याला हे कळायला सोपं आहे. सलाम केल्याशिवाय आपण तरी कुठे बोलायला सुरुवात करतो?

दुसरा धडा ऐकून आम्ही खूप हसलो. फ्रेंचमध्ये डुकराच्या मांसाला लिहितात 'पोर्क'सारखं, पण उच्चार करतात 'पोर'. 'सां' म्हणजे 'विना'. तेव्हा हॉटेलात बसल्याबरोबर "सां पोर" म्हणायचं. लेकीला सोडायला आलेल्या आईबापांनी हॉटेलाहॉटेलांतून "विना पोर, विना पोर" म्हणत फिरायचं, हे मराठी कानाला कसं लागतं ते वाचकांनीच ठरवावं.

पण तेवढ्यानेही भागत नाही. डुक्कर बऱ्याचदा दुसऱ्या नावाने येतं. 'जांबों' म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस. इथला सर्वांत साधा सँडविच त्याचाच आणि लोण्याचा. 'लार्दों' म्हणजे त्याच्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे, ते हिरव्या कोशिंबिरीतही असतात. किश लोरेन या खारट पायमध्ये लार्दों, क्रोक मस्यू या भाजलेल्या सँडविचमध्ये जांबों. मग दारू. 'वँ' म्हणजे वाइन, आणि 'कोक ओ वँ' म्हणजे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. 'बफ बुर्गिन्यों' या गोमांसाच्या रश्श्यात वाइन असते हे नावावरून कळतही नाही. मोरोक्कन मुलीने हे सगळे शब्द मुलीच्या वहीत लिहून दिले आणि मुलीने शेजारी देवनागरीत उच्चार लिहिले. ती वही म्हणजे आमच्या मते तिचं फ्रान्समधलं पहिलं पाठ्यपुस्तक.

निर्धास्त खाण्यासारखं काय, तर ब्रेड. 'बागेत त्रादिसियों' नावाच्या लांब पावात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढंच मुख्य साहित्य असावं, चरबी किंवा रसायनं नसावीत, असा १९९३चा सरकारी नियमच आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने बागेतच्या कारागिरीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. सव्वा-दीड युरोला एक मिळतो. सकाळी सातला बेकरीतून गरम आणायचा, टोक रस्त्यातच मोडून खायचं. सगळे असंच करतात. कवच कुरकुरीत आणि आत मऊ, किंचित आंबूस. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या जिभेलाही तो आवडला. माशांचीही अडचण नाही, मात्र त्यावरच्या सॉसमध्ये वाइन आहे का ते विचारायचं. चीजचा प्रश्न थोडा नाजूक आहे. ते घट्ट करायला अनेकदा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात आणि त्याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. मुलीने वनस्पतीचं रेनेट लिहिलेलं चीजच घ्यायचं ठरवलं. तिच्या मैत्रिणी सगळी चीज खातात. त्यावरून त्यांच्यात वाद झाला नाही, हे आम्हाला बरं वाटलं.

'हलाल'च्या पाट्या पॅरिसमध्ये पावलोपावली दिसतात. शावर्म्यासारख्या सँडविचला इथली पोरं 'ग्रेक' म्हणजे 'ग्रीक' म्हणतात. विकणारा बहुधा तुर्की किंवा अल्जीरियन असतो. पण ल्योंच्या मुलीने सांगितलं की पाटीवर जाऊ नका, प्रमाणपत्र कोणाचं ते बघा. हलालचं एकच सरकारी प्रमाण फ्रान्समध्ये नाही. जबह करणाऱ्यांना परवाना देण्याचा अधिकार पॅरिस, ल्यों आणि एव्री इथल्या तीन मोठ्या मशिदींना आहे, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था अनेक, प्रत्येकीचे नियम निराळे.

पॅरिसची मोठी मशीद पाहिल्यावर या शहराकडे बघण्याची आमची नजर पालटली. ३३ मीटर उंच मिनार, निळ्या-हिरव्या मोरोक्कन फरशा, मधोमध बाग. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढताना हजारो मुस्लिम सैनिक मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ ती बांधली. १५ जुलै १९२६ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि मोरोक्कोचे सुलतान यांनी मिळून उद्घाटन केलं. पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये याच मशिदीने काही यहुद्यांना मुसलमान असल्याचे कागद देऊन वाचवलं. किती जणांना, यावर इतिहासकारांत वाद आहे. आम्ही जोहरची नमाज तिथेच पढली. मग मशिदीच्या चहाखान्यात पुदिन्याचा चहा घेतला. छोट्या काचेच्या पेल्यात, इतका गोड की आपल्याकडचा लग्नाचा चहा फिका वाटावा. अंजिराच्या झाडावरून चिमण्या थेट टेबलावर उतरतात आणि बकलाव्याचे कण नेतात.

तिथेच आम्ही मुलींना हैदराबादच्या डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांच्याबद्दल सांगितलं. दख्खनचा हा विद्वान सुमारे अर्धं शतक पॅरिसमध्ये राहिला आणि त्याने कुरआनचा फ्रेंच अनुवाद केला, तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ल्योंची मुलगी थबकली. म्हणाली, "तो तर आमच्या आजोबांच्या कपाटात आहे. तुमच्याकडचे होते ते?"

स्कार्फबद्दल जे कळलं ते नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्यात बरीच सरमिसळ होते. २००४चा कायदा सरकारी शाळांसाठी आहे, बारावीपर्यंतच्या. विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना तो लागू नाही. २०१०चा कायदा चेहरा झाकण्याविरुद्ध आहे. म्हणजे आमची मुलगी स्कार्फ बांधून वर्गात बसू शकते आणि बसते. पण ल्योंच्या मुलीने तीन वर्षं रोज सकाळी शाळेच्या फाटकात स्कार्फ काढून दप्तरात ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा बांधला. तिला गणिताची शिक्षिका व्हायचं आहे. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना कोणतंही धार्मिक चिन्ह चालत नाही, स्कार्फ नाही, क्रूस नाही, यहुद्यांची टोपीही नाही. काय करणार, म्हणून विचारलं तर म्हणाली, "अजून दोन वर्षं आहेत." आम्ही दोघं वीस वर्षं फळ्यासमोर उभे आहोत, पण तिला काय सांगावं ते आम्हाला सुचलं नाही.

प्रेक्षणीय स्थळांची यादी इथे देत नाही. आयफेल टॉवर रात्री दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, तो खालून बघायला पैसे पडत नाहीत आणि तेवढं पुरतं. नोत्र-दाम २०१९च्या आगीनंतर पुन्हा उघडलं आहे, आतला दगड नव्यासारखा पांढरा दिसतो. लूव्र संग्रहालयावर मात्र एक अख्खा दिवस घालवला. आमची तिकिटं २२ युरोंची. आता युरोपबाहेरच्यांना ३२ पडतात. मुलगी फ्रान्समध्ये शिकते आणि वय सव्वीसच्या आत, म्हणून तिला फुकट. गर्दी सगळी मोनालिसापुढे. इस्लामी कलेच्या दालनात निवांतपणा होता. तिथे पितळेचं एक मोठं घंगाळ आहे, चांदी-सोन्याने मढवलेलं, चौदाव्या शतकातलं, ममलूक कारागीर मुहम्मद इब्न अल-झैन याने केलेलं. नाव काय, तर 'सेंट लुईचं बाप्तिस्म्याचं पात्र'. हा लुई राजा ते घडण्याआधीच वारला होता. पण पुढे फ्रेंच राजपुत्रांचा बाप्तिस्मा त्यात खरोखरच होई. तेरावा लुई त्यांतलाच. पात्रावर कारागिराने आपलं नाव एकदा नाही, अनेकदा कोरलं आहे. ब्रिटनीच्या मुलीने ते पात्र शाळेच्या पुस्तकात पाहिलं होतं, पण नाव वाचता येत नव्हतं. मोरोक्कन मुलीने ते वाचून दाखवलं.

चौथ्या संध्याकाळी सेन नदीकाठी वर्गातल्या मुलामुलींची सहल होती. ब्रेड, चीज, ऑलिव्ह, द्राक्षं. कोणीतरी वाइनची बाटली उघडली. मुलगी "नाही" म्हणाली, त्यांनी "बरं" म्हणून पेला पुढे सरकवला आणि पुन्हा कोणी आग्रह केला नाही. साडेआठच्या सुमारास सूर्य बुडाला आणि आम्ही मगरिबसाठी उठलो. परतताना गाडीत हे गप्प होते. मग म्हणाले, "ज्या दस्तरख्वानावर शराब आहे तिथे बसू नये, असं आपण शिकलो." मुलगी म्हणाली, "अब्बा, मी बसले नाही तर दोन वर्षं कोणाबरोबर बसू?" दोघांचंही बरोबर होतं. खोलीवर पोहोचेपर्यंत बोलणं चाललं आणि ते संपलं नाही, अजून फोनवर चालतं. एवढंच ठरलं की यापुढे ती त्यांना जेवायला आपल्याकडे बोलावेल. तिथे दस्तरख्वान तिचा.

म्हणून पाचव्या दिवशी ला शापेलला गेलो. तिथे श्रीलंकन तमिळांची दुकानं आहेत: कढीपत्ता, नारळ, तूरडाळ, बासमती सगळं मिळतं. प्रमाणपत्र बघून कोंबडी घेतली आणि वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात पुलाव केला. विजेच्या शेगडीवर दम नीट बसत नाही, तळ थोडा लागला. तिघी मैत्रिणी आल्या, शिवाय मजल्यावरचे दोन मुलगे. सुक्या जवळ्याची चटणी ब्रिटनीच्या मुलीने दोनदा घेतली. तिचं गाव समुद्रकाठचं.

दुसऱ्या दिवशी आमचं विमान दुबईत थांबलं तेव्हा मुलीचा फोटो आला. विद्यापीठाच्या अनुदानित भोजनालयात ती एकटी जेवत होती, ३ युरो ३० सेंट. मासा, भात, वाटाणे आणि दह्याची डबी. खाली लिहिलं होतं, "माशावर वँ नाही, विचारलं. दह्यात जिलेटिन नाही, वाचलं. भात मात्र कच्चा आहे."