सहीपुरता प्रोजेक्ट

एप्रिल-मे उजाडला की आमच्या घरी इंजिनिअरिंगच्या मुलांची वर्दळ सुरू होते. वास्तविक मी कला महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा माणूस. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टचे इंग्रजी कुणाकडून तरी तपासून घ्यावे लागते आणि गल्लीत ‘सर’ म्हणून मीच सापडतो. चहा प्यायचा, व्याकरण दुरुस्त करायचे, ‘यशस्वी भव’ म्हणायचे. गेली कितीतरी वर्षे हा माझा परिपाठ.

एक गोष्ट आज कबूल करतो. मी आदल्या वर्षी दुरुस्त केलेले वाक्य, माझ्याच शब्दांत, दुसऱ्याच मुलाच्या रिपोर्टात भेटायचे. मी मनात हसून पान उलटायचो. लोकाची पोरे, आपल्याला काय!

दोन वर्षांपूर्वी मात्र तसे पान उलटता येईना. माझा भाचा शेवटच्या वर्षाला होता. डिसेंबरातच म्हणाला, “मामा, प्रोजेक्टचं टेन्शन नाही. तयार मिळतो. मॉडेल, रिपोर्ट सगळं. चौघांत पंधरा हजार. कंपनीचं पत्रही मिळतं.” ताई बाजूलाच उभी होती. तिने ते पैसे भिशीतून उचलून ठेवले होते, हे मला तेव्हा कळले.

मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकारच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला स्कूटरवर मागे घेतले आणि उद्यमबागेत गेलो. तिथल्या एका फाउंड्रीच्या मालकांची मुलगी माझी विद्यार्थिनी. बेळगावचे हे एक नवल आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय इथे, फाउंड्र्या आणि मशीन शॉप इथे, आणि दोघांमधला रस्ता पोरांना ठाऊक नाही.

मालक स्पष्ट बोलले. “सर, दरवर्षी पोरं येतात, लेटरहेडवर सही मागतात आणि जातात. सही देणार नाही. काम करणार असतील तर येऊ देत. बसभाडं आणि जेवण माझ्याकडं. सकाळी सातला हजर. मालाचे ड्रॉइंग बाहेर न्यायचे नाहीत.”

काम अगदी साधे दिले. दुपारनंतरच्या कास्टिंगमध्ये वायूची भोके जास्त पडत. का, ते शोधायचे. ओतकामाच्या ओल्या वाळूत साधारण ३ ते ४ टक्के ओलावा ठेवतात. तो वाढला तर तापलेले लोखंड साच्यात पडताच पाण्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये भोक राहते. चौघांनी तासातासाला वाळू तपासून वहीत नोंदी केल्या. पहिले पंधरा दिवस काहीच उमगले नाही. भाचा ताईला म्हणू लागला, “तयारच घेतला असता तर बरं.”

वाट दाखवली ती एका मोल्डरकाकांनी. शिक्षण सातवी. त्यांनी वाळूची मूठ आवळून पोरांच्या हातावर ठेवली. “गरम लागती का बघा. सकाळी ओतलेल्या साच्यातली वाळू पुरती गार व्हायच्या आत परत येती. सुकी दिसती म्हणून मिक्सरवाला अंदाजानं पाणी ओततो.” पोरांनी वाळूचे तापमानही नोंदवायला सुरुवात केली. काकांची मूठ आणि वहीतले आकडे जुळले. वाळू पसरून गार करायची आणि पाणी मोजून घालायचे, एवढाच उपाय निघाला. भोके नाहीशी झाली नाहीत, कमी झाली. मालकांनी तासाच्या नोंदीची ती वही पुढेही चालू ठेवली.

आता गोड शेवट सांगावा, तर तसे झाले नाही. परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारले, “मॉडेल कुठंय?” यांच्याकडे वही आणि आलेख. शेजारच्या टेबलावर दिवे लुकलुकणारे विकतचे मॉडेल होते. त्या गटाला यांच्यापेक्षा चार गुण जास्त पडले. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मलाही वाईट वाटले. आपल्या हट्टापायी पोराचे नुकसान झाले का, हा प्रश्न अजून छळतो.

यात एकट्या मुलांना दोष देऊन चालणार नाही. कंपनीने पत्रापेक्षा एक जाणता माणूस द्यावा, आणि विद्यार्थी म्हणजे फुकटचा कारकून समजू नये. कॉलेजने मुलांना फाउंड्रीत जायला वेळापत्रकात दिवस द्यावा. पैशाची अडचण असेल तर कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषद १९७७ पासून अशा प्रोजेक्टना अर्थसाहाय्य देत आली आहे. तिथे अर्ज करायला मुलांना शिकवावे. आणि आमच्यासारख्यांनी उसन्या रिपोर्टचे व्याकरण सुधारणे थांबवावे.

भाचा आज पुण्यात नोकरीला आहे. नोकरी त्या प्रोजेक्टमुळे लागली असा माझा दावा नाही. पण गेल्या दिवाळीला आला, तेव्हा फराळाचा डबा घेऊन आधी मोल्डरकाकांच्या घरी गेला. ताईने मला फोन करून सांगितले.

यंदाही मुले येतील. चहा मिळेल, इंग्रजीही तपासून देईन. मात्र आधी एक प्रश्न विचारीन : “कंपनीत किती दिवस गेला होतास, बाळ?”