मळीच्या पाण्यातला गॅस

गोबरगॅस तुम्हाला नवा नाही. पण उसाच्या मळीपासून इथेनॉल काढल्यावर जे काळे पाणी उरते, त्यातूनही तसाच गॅस निघतो. कारखान्यात या पाण्याला स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर इथेनॉलमागे ते 8 ते 15 लिटर उरते.

एका उन्हाळ्यात हे पाणी आमच्या ओढ्यात उतरले. विहिरीचे पाणी कोऱ्या चहासारखे झाले. बैल तोंड लावीनात. घरच्या बायकांनी दोन महिने लांबून घागरी वाहिल्या. तेव्हापासून मी या पाण्याच्या पाठीस लागलो आहे.

हवाबंद टाकीत जिवाणू त्यातला सेंद्रिय अंश खातात आणि एक घनमीटर पाण्यामागे सुमारे 25 ते 35 घनमीटर गॅस मिळतो. निम्म्याहून अधिक मिथेनच. तो बॉयलरला दिला की तितका बगॅस वाचतो. सडक्या अंड्यासारखा वास असतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो विषारी. टाकीत कोणी सहज डोकावू नये.

मात्र गॅस काढला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे कोणी सांगितले तर मानू नका. रंग आणि क्षार तसेच राहतात. पालाशही राहतो, म्हणून ते प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करतात, नाही तर आटवून जाळतात.

तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेत विचारा, गॅस निघाल्यावरचे पाणी जाते कुठे? उसाच्या भावाच्या गलक्यात हा प्रश्न बुडतो. आमच्या सभेत तो विचारायला शेवटी माझी भावजय उठली.