डिस्चार्ज मिळाला, आता फिजिओथेरपिस्ट कुठे शोधायचा?

साठी ओलांडलेल्या एका काकांना घरच्यांनी धरून माझ्या दवाखान्यात आणलं. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. रक्तदाब आटोक्यात होता, गोळ्या वेळेवर चालू होत्या. पण उजवा खांदा जाम झाला होता. हात जरा उचलला तरी ते कळवळायचे. पाऊलही ताठरलं होतं. डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘फिजिओथेरपी घ्यावी.’ मधे एकदा ते येऊन गेले होते, तेव्हा मीही माझ्या कागदावर तेच लिहून दिलं होतं.

काकी म्हणाल्या, “डॉक्टर, लिहिलंत दोघांनीही. पण यांना पाखाडी चढवून रस्त्यावर आणायचं कोणी? मुलगा मुंबईला. रोज रत्नागिरीला रिक्षा केली तर औषधांना पैसे कुठून आणू?”

हातखंब्याच्या तिठ्यावरून रत्नागिरी तशी जवळ. पण ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, त्याला ते अंतर फार मोठं. इतकी वर्षं प्रॅक्टिस करून हे मला काकींनी सांगावं लागलं.

फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक नव्हे

अनेकांना वाटतं, फिजिओथेरपी म्हणजे शेक, मालिश नाहीतर ‘करंट’ लावणं. यंत्रं असतात, पण खरं काम असतं ते शरीराला हालचाल पुन्हा शिकवण्याचं. पक्षाघातानंतर सुधारणा सर्वात वेगाने होते ती साधारण पहिल्या तीन महिन्यांत. नंतरही होते, पण हळू. याच काळात हातपाय नुसते पडून राहिले तर सांधे आखडतात, स्नायू आक्रसतात. मग मेंदू सावरला तरी हात वळत नाही. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर लवकर उभं करणं, जुन्या दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला श्वासाचे व्यायाम शिकवणं, आंब्यावरून पडून मणक्याला मार लागलेल्याला खुर्चीत बसतं करणं, हेही त्यांचंच काम.

मग ही माणसं असतात कुठे?

सरकारी व्यवस्थेची उतरंड तुम्हाला माहीत आहे : उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. आपल्या जिल्ह्यात कामथे, कळंबणी आणि दापोलीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, जिल्हा रुग्णालय रत्नागिरीत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ठरलेल्या मनुष्यबळात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ येतात. फिजिओथेरपिस्ट येत नाही. त्याचं पद मोठ्या रुग्णालयात, आणि मोठ्या रुग्णालयांतली पदं ठरतात मुख्यतः खाटांच्या संख्येवरून.

नेमकी इथेच गफलत आहे. परिचारिकेची गरज खाटेपाशी सर्वात जास्त, म्हणून खाटा मोजणं तिथे ठीक. फिजिओथेरपीचं बरंचसं काम मात्र रुग्णाने खाट सोडल्यावर सुरू होतं. पक्षाघाताचा रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी जातो आणि पुढचे तीन महिने तो कुठल्याच खाटेवर मोजला जात नाही.

रुग्णालयाच्या आतही वाटणी सारखी नसते. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी फिजिओथेरपीची खोली अस्थिरोग विभागाला चिकटून असते. गुडघ्याच्या रुग्णाला ती आपोआप मिळते. मेडिसिनच्या वॉर्डातल्या रुग्णासाठी कोणीतरी मुद्दाम चिठ्ठी पाठवावी लागते. ती पाठवायला आम्ही फिजिशियन विसरतो, हे कबूल करतो.

घरच्यांनीच शिकून घेतलं तर?

मलाही हाच सोपा उपाय वाटायचा. पण भारतातच १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नेहमीच्या उपचारांसोबत काही घरच्यांना व्यायाम करून घ्यायला खास शिकवलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या परावलंबनात फरक दिसला नाही. याचा अर्थ घरच्यांनी हात आखडता घ्यावा असा नाही. पण प्रशिक्षित माणसाची उणीव केवळ मायेने भरून निघत नाही. शिवाय आपल्याकडे घरी असतं कोण? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते हात मुंबईला. सत्तर किलोच्या माणसाला साठीची बायको किती वेळा उठवणार?

तुम्ही काय करायचं?

१. डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, भरती झाल्यावर एक-दोन दिवसांतच विचारा : “फिजिओथेरपिस्ट आमच्या रुग्णाला कधी पाहणार?”

२. कूस बदलणं, उठवून बसवणं, खुर्चीत नेणं हे त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. त्यांच्या परवानगीने मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

३. लुळा हात धरून रुग्णाला कधीही ओढू नका. बसताना हाताखाली उशी ठेवा.

४. रोज जाणं जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आठवड्यातून एकदा-दोनदा तपासणी आणि मधल्या दिवसांचे व्यायाम लिहून घेणं, हे काहीच न करण्यापेक्षा बरं.

५. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचाऱ्याची तरतूद आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा.

६. घरी कोणी येणार असेल तर महाराष्ट्र राज्य परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

खरा उपाय मात्र वरून यायला हवा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्णवेळ माणूस एवढ्यात मिळणार नाही. पण लसीकरणाचा वार ठरलेला असतो, तसा फिजिओथेरपिस्टचा वार ठरवायला काय हरकत आहे? ग्रामसभेत औषधांची मागणी करता, तशी हीही करा.

काकांचं पुढे काय झालं? त्याच वाटेवरच्या दुसऱ्या एका रुग्णासोबत रिक्षा वाटून घेतली, आठवड्यातून दोन दिवस. पाखाडी चढायला शेजारची दोन पोरं येत. आज काका काठी घेऊन पडवीपर्यंत चालतात. हात मात्र खांद्याच्या वर जात नाही, आता जाईल असं वाटत नाही. तेव्हापासून मी नुसतं ‘फिजिओथेरपी घ्यावी’ असं लिहीत नाही. कोणाकडे, कोणत्या वारी आणि नेणार कोण, हे रुग्णाच्या घरच्यांशी बोलून मगच कागद हातात देतो. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तुम्ही विचारा.