गंगाखेडचे काळे रान आणि शिकारीचे मटण

परभणीहून परळीकडे जाणारी रेल्वे पोखर्णी मागे टाकते, गोदावरीचा पूल ओलांडते आणि गंगाखेड येते. संत जनाबाईंचे हे गाव. इथे नदीला सगळे गंगाच म्हणतात. गावाबाहेर पडले की दूरवर काळी जमीन: पावसाळ्यात सोयाबीन, कापूस, तूर, थंडीत ज्वारी आणि हरभरा. याच उघड्या रानात सकाळी हरणांचे कळप दिसतात. नर काळा, पोटाखाली पांढरा, पिळदार शिंगांचा. मादी बदामी आणि बिनशिंगी. हेच आपले काळवीट.

आपल्या घरांतली बुजुर्ग मंडळी शिकारीच्या मटणाच्या आठवणी चवीने सांगतात. त्या काळी परवाना काढून शिकार करता येत असे. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चित्र बदलले. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते मारणे गुन्हा आहे, त्याचे मांस विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हाही गुन्हाच. शिक्षा किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद, वर दंड. घरापुरते किलोभर घेतले म्हणून सूट नाही.

तरीही कुणीतरी हळूच विचारतो, "शिकारीचं आहे, पाहिजे का?" आणि आपल्यातले काही म्हणतात, हरीण तर हलाल आहे, मग हरकत काय? हरीण हलाल आहे, यात वाद नाही. पण हज-उमऱ्यासाठी एहराम बांधला की तेच हरीण मारणे मना होते, आणि मक्केच्या हरम हद्दीत तर कुणालाही, कधीही शिकार करता येत नाही. जनावर तेच, हुकूम वेगळा. हलाल वस्तूवरही बंधन येऊ शकते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

ब्रिटनमध्ये हरणांना खाणारे लांडगे उरले नाहीत, संख्या वाढते, म्हणून ठरलेल्या हंगामात परवानाधारक शिकारी हरणे मारतात आणि मांस गावातच विकतात. तिथे ती रीतसर रोजी आहे. इथला विकणारा मात्र बहुधा गरीब असतो. फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्यांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवले. तो शिक्का 1952 ला कागदावरून पुसला, पण नवी रोजी सगळ्यांना मिळाली नाही. आपण चार पैसे टाकून चव घेतो, तुरुंगाची वाट त्याला दाखवतो.

शेतकऱ्याचे दुःखही खरे आहे. कोवळा हरभरा कळपाने एका रात्रीत खाल्ला तर वर्षाचे गणित बिघडते. त्यावर फासा हा उपाय नाही. नुकसान दिसताच वनविभागाकडे अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा. हरणांनी केलेल्या नुकसानीलाही सरकारी भरपाई आहे. वनविभागाचा मदत क्रमांक 1926 घरात लिहून ठेवावा.

आणि पुन्हा कुणी हळूच विचारले, तर सरळ नको म्हणावे. घेणारेच नसतील तर फासा कोण कशाला लावील?