बोरचं पाणी कुठून येतं?

बालदोस्तांनो, शाळेच्या पुस्तकातला महाराष्ट्राचा नकाशा उघडा पाहू. गोदावरी सापडली? वर्धा आणि वैनगंगाही सापडतील. आता बोर नदी शोधा. नाही ना सापडत? एवढ्याशा नकाशात तिला जागा कुठून मिळणार! म्हणून मीच तिची ओळख करून देते.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला, नागपूर जिल्ह्याच्या सीमेलगत सागवानाच्या टेकड्या आहेत. तिथल्या नाल्यांचं पाणी एकत्र येऊन बोर नदी होते. तिच्याच नावाचं बोर अभयारण्य 1970 साली जाहीर झालं आणि 2014 साली ते व्याघ्र प्रकल्प बनलं. नदी छोटी, पण तिच्या काठी पट्टेदार वाघ पाणी पितो!

या टेकड्यांचा खडक काळा, लाव्हारसापासून बनलेला. उघड्या उतारावर पाऊस पडला, की पाणी धूम पळत सुटतं आणि जाताना मातीही घेऊन जातं. जंगलात मात्र पालापाचोळा आणि बांबूची मुळं त्याला म्हणतात, 'अरे, थांब जरा!' मग ते खडकाच्या भेगांत मुरतं आणि पाऊस सरल्यावर झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतं. माती जागेवर राहते, त्यामुळे बोरवरचं धरणही गाळानं लवकर भरत नाही.

या धरणाच्या कालव्यावर सेलू तालुक्यात आमचं शेत होतं. पण जंगलातून रानडुकरं आणि रोही यायचे आणि एका रात्रीत हरभऱ्याचा फडशा पाडायचे. बाबा थंडीत मचाणावर जागल करायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, हे जंगलच नसतं तर?"

बाबा म्हणाले, "जंगल नसन तं कालव्याले पाणी कुठून येईन, पोरी?"

बाबांचं नुकसान खोटं नव्हतं आणि त्यांचं उत्तरही खोटं नव्हतं. शेत राखायचं आणि जंगलही राखायचं, हे कोडं आमच्या भागात आजही रोज सोडवावं लागतं.

पुढे बोर वेणा नदीला मिळते आणि वेणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नाव मागे राहतं, पाणी पुढे जातं.

तुमच्याही गावाजवळ एखादा ओढा असेल. या सुटीत आईबाबांना घेऊन त्याच्या उगमापर्यंत जा. आणि हो, तिथे झाडं किती उरली आहेत, तेही बघून या!