साचा थंड होईपर्यंत

गेल्या हिवाळ्यात एका रात्री अमेरिकेतील कोलोराडोहून आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचा व्हिडिओ कॉल आला. "जयभीम सर, आज मी वर्ग घेणार आहे," असे म्हणत त्याने मोबाइल गॅरेजमधील लोखंडी दाबयंत्राकडे वळवला. आत बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांची, म्हणजे स्कीची, त्याने स्वतः घडवलेली जोडी तापत होती.

हा मुलगा नववीत असताना मी त्याला भर वर्गात म्हणालो होतो, "विज्ञान तुला झेपायचे नाही." माझ्या सहकारी शिक्षकांनी त्याला रात्री शिकवले, म्हणून तो अभियंता झाला. ते स्मरून मी निमूटपणे विद्यार्थी झालो.

स्कीच्या मध्यभागी लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली काचतंतूंचे कापड, तळाला पॉलिथिनचा थर, कडांना पोलादी पट्ट्या. आणि या सर्वांना बांधणारे इपॉक्सी. त्याचे दोन घटक एकत्र कालवताच रासायनिक क्रिया सुरू होते. खोलीच्या तापमानातही मिश्रण घट्ट होते; परंतु त्याला पुरता पक्केपणा येतो तो उष्णतेने. ऊब मिळताच ते आधी पातळ होऊन तंतूंत मुरते आणि मग त्याच्या रेणूंची जाळी घट्ट विणली जाते. म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे तापणाऱ्या सिलिकॉनच्या चादरी, हळूहळू सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत नेलेले तापमान आणि अग्निशामक नळीत हवा भरून दिलेला दाब, अशी सारी व्यवस्था त्याने केली होती.

भिंतीवर एक वाकडी जोडी टांगलेली होती. मी विचारले. "ती पहिली, सर. घाई केली. गरम असतानाच दाब काढला." तापलेले इपॉक्सी अजून मऊ असते, त्यात पोलाद, लाकूड, पॉलिथिन आपापल्या प्रमाणात आकसतात. थंड होईपर्यंत दाबाचा आधार नसेल, तर आकार बिघडतो.

मी इतिहासाचा माणूस. मला हॉवर्ड हेड आठवला. विमान कारखान्यातील या अभियंत्याने 1947 च्या सुमारास धातू आणि लाकूड यांच्या थरांची स्की घडवायला घेतली. साचा रबरी पिशवीत घालून, आतील हवा शोषून, तो ती तापलेल्या मोटारीच्या तेलात बुडवीत असे. त्याच्या पहिल्या जोड्या बर्फावर मोडल्या. तरीही तो नव्या जोड्या करीत राहिला आणि अखेर त्याची स्की जगभर गेली.

"नववीतले माझे वाक्य आठवते का रे?" मी विचारले.

क्षणभर तो गप्प राहिला. "आठवते, सर. पुष्कळ वर्षे पुसले जात नव्हते."

मी त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. त्याने फक्त तापमापक दाखवला. उष्णता बंद होती, दाब मात्र तसाच होता. "अजून दोन तास उघडायचे नाही," तो म्हणाला.

यंदा नववीचे निकालपत्रक लिहिताना शेऱ्याच्या रकान्यापाशी माझी लेखणी थांबली. एका मुलाचा रकाना मी कोराच ठेवला.