बडोद्यांतील आठ दिवस

मुलें नोकरीनिमित्त परगांवीं जातात, हें आतां नवें राहिलेलें नाहीं. परंतु सुनेला नोकरी लागावी व तिच्यामागून मुलानें जावें, असें आमच्या वाईच्या वाड्यांत यंदा प्रथमच घडलें. धाकट्या सूनबाईंस बडोद्यास एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत जागा मिळाली. चिरंजीवांचें काम संगणकावरचें. तें कोठूनही होतें. आमचे थोरले बंधू दादा यांनीं त्या दिवशीं जेवतांना एक शब्दही काढला नाहीं. महिन्याभरानें 'तूं एकदां जाऊन पाहून ये,' एवढेंच ते म्हणाले. तेव्हां आम्ही पाहावयास गेलों.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनें निघून सकाळीं बडोद्यास उतरलों. मांडवीचा दरवाजा, सूरसागर तलाव हीं स्थळें प्रवासी पाहतातच. पण शाळामास्तरास हें नगर निराळ्याच कारणानें पूज्य आहे. नाशिक जिल्ह्यांतील कौळाणें गांवचा एक मुलगा १८७५ सालीं येथें दत्तक आला व सयाजीराव महाराज झाला. त्यानें १८९३ त अमरेली तालुक्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ त तें संस्थानभर लागू केलें. येथील प्राच्यविद्यामंदिरानें देशभरचीं हस्तलिखितें ताडून वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ति सात कांडांत, १९६० ते १९७५ या काळांत, प्रसिद्ध केली. ज्या श्लोकांवर आमची हयात गेली, त्यांचे पाठभेद जेथें निवडले गेले, त्या वास्तूपुढें आम्ही पादत्राणें काढूनच उभे राहिलों.

घरीं मात्र आम्ही गोंधळलों. सूनबाई आठाच्या ठोक्याला बाहेर पडत. चिरंजीव कुकर लावीत, नातवास शाळेंत पोंचवीत, मग कामास बसत. पहिले दोन दिवस हें पाहून जीव अवघडला. तिसऱ्या दिवशीं आम्ही आपण होऊन गवारीच्या शेंगा निवडावयास बसलों. नातू जवळ येऊन 'एक, बे, त्रण' करीत शेंगा मोजूं लागला. त्याला 'दोन, तीन' म्हणावयास सांगितलें, तर तेंही म्हणाला. दोन्ही त्याच्या तोंडांत सुखानें नांदत होतीं.

एके रात्रीं आम्ही कौतुकानें म्हणालों, "जागा मात्र झकास मिळाली हो! मालकही सज्जन दिसतात."

सूनबाई थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "बाबा, त्यांनीं आधीं आडनांव विचारलें, मग किल्ली दिली. माझ्याबरोबर त्याच दिवशीं रुजू झालेली एक मुलगी अजून लॉजवर राहते. तीन ठिकाणीं तिचें आडनांव ऐकल्यावर जागा 'कालच गेलेली' निघाली."

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्या आम्हांस कमाटी बागेंत घेऊन गेल्या. तेथें संकल्पभूमि आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ त अमेरिकेस गेले आणि १९१७ त संस्थानच्या चाकरीस येथें आले. राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नांव सांगून ते एका पारशी विश्रामगृहांत उतरले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या मंडळींनीं त्यांस तेथून निघावयास लावलें. दोघां मित्रांनींही निमित्तें सांगितलीं. तेव्हां मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते याच बागेंत बसून राहिले. राजानें विद्या दिली, अधिकार दिला; पण बिऱ्हाड देणें हें राजाच्या हातीं नव्हतें, तें शेजाऱ्याच्या मनांत होतें.

वाचकहो, त्या जागीं आम्हांस दुसरीच एक संध्याकाळ आठवली. पांच वर्षांपूर्वीं आमच्या वाड्याच्या पुढल्या दोन खोल्या रिकाम्या होत्या व एक तरुण शिक्षक त्या मागावयास आला होता. आम्हीं त्यास बसविलें, चहा दिला, आडनांव विचारलें, आणि 'पाहुणे यावयाचे आहेत' म्हणून सांगितलें. पाहुणे कोणीच यावयाचे नव्हते. तो नमस्कार करून गेला. चाळीस वर्षें मुलांस 'सत्यं वद' शिकविणाऱ्याच्या तोंडून तें वाक्य अगदीं सहज निघालें होतें. दादा आंत होते. ते आम्हांस कांहीं बोलले नाहींत, आणि आम्हीही त्यांस बोललों नाहीं.

त्याच रात्रीं आम्हीं दादांस पत्र लिहिलें. मुलांचें येथें नीट चाललें आहे, काळजी नसावी; सूनबाईंस आशीर्वादाच्या दोन ओळी स्वहस्तें लिहाव्या, त्या वाट पाहत आहेत. शेवटीं लिहिलें कीं, मुलांच्या खोल्या आतां रिकाम्याच आहेत. त्या भाड्यानें द्याव्या, आणि येणारास भाडें परवडतें कीं नाहीं एवढेंच विचारावें. त्या शिक्षकाची हकीकतही लिहून टाकली.

परतावयाच्या आदल्या दिवशीं दादांचा फोन आला. आधीं सूनबाईंशीं बोलले. काय बोलले तें आम्हीं विचारलें नाहीं, पण त्यांनीं डोळे पुसले. मग आम्हांस म्हणाले, "खोल्यांचें तूं आलास म्हणजे बोलूं. चुना मात्र आजच काढावयास सांगितला आहे."

दादांना आम्ही साठ वर्षें ओळखतों. नाहीं म्हणावयाचें असतें, तर त्यांनीं चुना काढविला नसता.